वाचकांचे प्रश्न : ‘गाठीचं ऑपरेशन’ आणि न्यूयॉर्कची कवयित्री

या महिन्यात तीनच पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लिहायला मला बारा दिवस लागले आणि ते लांबलं. संपादकांनी जागा दिली, त्यांचे आभार. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की, मी सांगलीच्या एका वाचनालयात ३१ वर्षं ग्रंथपाल होते आणि आता निवृत्त आहे. पुस्तकांबद्दलच्या प्रश्नांना या पानावर उत्तरं देते.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ५१. तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. सव्वा वर्षापूर्वी मिरजेला माझं ऑपरेशन झालं. घरात सगळे ‘गाठीचं ऑपरेशन’ म्हणतात. काय काढलं ते कुणी बोलत नाही, मीही नाही. बाहेर जाताना ब्लाउजमध्ये रुमालाची घडी ठेवते. लग्नाकार्यात जाऊबाई कानात सांगतात, ‘पदर दोन्ही खांद्यांवरून घ्या.’ मालक चांगले आहेत, तपासणीला गाडीवरून नेतात, पण त्या बाजूला तेही बघत नाहीत. मुलगी पुण्याला शिकते. ती म्हणाली, अमेरिकेत ऑड्रे लॉर्ड नावाची कवयित्री होती, तिचंही असंच झालं होतं आणि तिनं त्यावर पुस्तक लिहिलं. मी नववी झालेली, इंग्रजी येत नाही. ती कोण होती? आणि असलं लिहायचं असतं का? (एक भगिनी, तासगाव तालुका)

उत्तर : ताई, आधी शब्द लिहिते आणि मग पुढं जाते. तुमचा एक स्तन काढला आहे. तुमच्या पत्रात जी जागा रिकामी होती ती मी भरली. रागावू नका.

मलाही हा शब्द लिहायला वेळ लागला आहे. माझी थोरली बहीण, आमची अक्का, १९९१ मध्ये गेली. तिला आंघोळीच्या वेळी गाठ लागली होती. नऊ महिने तिनं कुणाला सांगितलं नाही. डॉक्टर पुरुष असतील, हात लावतील, सासरे बरोबर येतील, ही कारणं होती. शेवटी साडीला डाग पडायला लागला तेव्हा आईनं ओढून मिरजेला नेलं. फार उशीर झाला होता. वर्तमानपत्रात आम्ही छापलं, ‘अल्पशा आजाराने निधन’. तो मजकूर मीच लिहून दिला होता. तुमच्या ‘गाठीचं ऑपरेशन’ या शब्दांपाशी मी चार दिवस अडून बसले, ते त्यामुळं.

ऑड्रे लॉर्ड मला बऱ्याच वर्षांनी भेटली. इंग्रजीच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी वाचनालयाला पुस्तकांची दोन खोकी दिली होती. नोंद करताना त्यात तिचं ते पुस्तक निघालं, कर्करोगाच्या दिवसांतल्या नोंदींचं, १९८० सालचं. पातळसं आहे. शब्दकोश शेजारी घेऊन अख्खा पावसाळा मी ते वाचत होते. आता सांगते ती कोण.

१८ फेब्रुवारी १९३४ ला ती न्यूयॉर्कमध्ये जन्मली आणि हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत वाढली. आईवडील कॅरिबियन बेटांवरून पोट भरायला आलेले. नजर इतकी अधू की जवळजवळ आंधळीच, आणि चार वर्षांची होईपर्यंत बोललीही नाही. एके दिवशी आईनं तिला वाचनालयात नेलं. तिथं तिनं जमिनीवर लोळून आकांत मांडला. ऑगस्टा बेकर नावाच्या ग्रंथपाल बाई होत्या, त्यांनी तिला गोष्टी वाचून दाखवल्या. त्या संपल्यावर पोर म्हणाली, मला वाचायचं आहे. बोलणं आणि वाचणं तिला एकदमच आलं. ही गोष्ट मी वाचली तेव्हा पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन आले. वाचनालयात रडणाऱ्या किती पोरांना मी बाहेर घेऊन जायला सांगितलं होतं, त्याचा हिशेब त्या दिवशी मांडला.

पुढं तिची एक सवय झाली. कसं वाटतंय असं कुणी विचारलं की ती पाठ असलेली एखादी कविता म्हणून दाखवायची, तिचं उत्तर त्या कवितेत कुठंतरी असायचं. बारातेरा वर्षांची झाल्यावर तिला जे म्हणायचं होतं त्यासाठी कविताच सापडेना. म्हणून ती लिहायला लागली. ‘असलं लिहायचं असतं का’ या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे, ताई. आपल्या दुखण्याची कविता आधी कुणी लिहून ठेवलेली नसेल तर ती आपण लिहायची.

शिकता शिकता तिनं मिळेल ते काम केलं. १९५० नंतरच्या काळात स्टॅमफर्ड नावाच्या गावी एका कारखान्यात ती रेडिओला लागणारे स्फटिक क्ष-किरणाच्या यंत्राखाली तपासायची आणि कार्बन टेट्राक्लोराइड या विषारी द्रवात धुवायची. काळजी कसलीच घेतलेली नसायची. मग कोलंबिया विद्यापीठातून १९६१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन ती ग्रंथपाल झाली. १९६२ मध्ये तिनं एका वकिलाशी लग्न केलं, एक मुलगी आणि एक मुलगा झाला, १९७० मध्ये घटस्फोट झाला. ती स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री होती आणि तेही तिनं झाकलं नाही. स्वतःची ओळख करून देताना ती काळी, समलिंगी, आई, लढवय्यी आणि कवयित्री हे सगळे शब्द एकापाठोपाठ एक उच्चारायची. यातला एखादा गाळून बोला असं सांगणारे तिला सगळ्या बाजूंनी भेटले. स्त्रियांच्या चळवळीत काळेपण गाळा म्हणायचे, काळ्यांच्या चळवळीत बाईपण गाळा. तिनं कुठंच काही गाळलं नाही.

आता तुमच्या दुखण्याकडं येते. १९७७ मध्ये तिच्या स्तनात गाठ सापडली. डॉक्टर म्हणाले, कर्करोग असण्याची शक्यताच जास्त. ऑपरेशनपर्यंत तीन आठवडे होते. ती गाठ साधी निघाली, पण त्या तीन आठवड्यांत तिनं आयुष्याचा हिशेब केला आणि तिला सगळ्यात जास्त पश्चात्ताप झाला तो गप्प राहिलेल्या वेळांचा. त्याच डिसेंबरात शिकागोच्या एका सभेत ती हे बोलली. तिथं तिनं सांगितलं की गप्प राहिल्यानं मी वाचले नाही आणि तुम्हीही वाचणार नाही. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, पुन्हा गाठ आली. ती कर्करोगाची होती. उजवा स्तन काढावा लागला.

इस्पितळात एक बाई तिला भेटायला आल्या. स्वतः त्याच दुखण्यातून गेलेल्या, मनानं चांगल्या. त्यांनी लोकर भरलेली, स्तनाच्या आकाराची एक उशी आणली होती, ब्लाउजमध्ये घालायला. उशीचा रंग फिकट गुलाबी. लॉर्ड काळी होती. तिनं ती घालून आरशात बघितलं आणि काढून टाकली. तुमची रुमालाची घडी वाचली आणि मला ती उशी आठवली.

दहा दिवसांनी टाके दाखवायला डॉक्टरांकडं जायचं होतं. त्या दिवशी ती मुद्दाम छान आवरून निघाली. उजव्या कानात तिनं पक्ष्याचं एकच लोंबतं कानातलं घातलं. ज्या बाजूचा स्तन गेला त्याच बाजूला, दोन्ही बाजू सारख्या नाहीत हे उघड दिसावं म्हणून. तिथल्या परिचारिकेनं विचारलं की तुम्ही ती उशी का घातली नाही. निदान इथं येताना तरी घालत जा, नाहीतर दवाखान्यातल्या बाकीच्यांचं मन खचतं, असंही ती म्हणाली. लॉर्ड लिहिते की त्या वेळी इस्राएलचे सेनानी मोशे दायान डोळ्यावर काळी पट्टी बांधून जगभर हिंडत होते, त्यांना कुणी काचेचा डोळा बसवा म्हणालं नाही. लोकांनी त्यांना लढाईत डोळा गमावलेला वीर मानलं. मग माझी लढाई लढाई नाही का?

एक मात्र स्पष्ट सांगते, कारण मुली उत्साहात येतात आणि आयांवर नवी सक्ती करतात. लॉर्डचं भांडण सक्तीशी होतं. रुमालाची घडी ठेवून तुम्हाला बरं वाटत असेल, ब्लाउज नीट बसत असेल, पाठ दुखत नसेल, तर ठेवा. आता चांगले सिलिकॉनचे कृत्रिम स्तनही मिळतात, डॉक्टरांना विचारा. पण जाऊबाईंसाठी ठेवत असाल तर एकदा विचार करा. लॉर्डला सलत होतं ते हे की सगळ्याजणी झाकून हिंडतात आणि त्यामुळं एकीला दुसरी ओळखूच येत नाही. तासगावच्या बाजारात तुमच्या शेजारी भाजी घेणारीही तुमच्यासारखीच असेल, आणि दोघींनाही ते कळणार नाही.

त्याच पुस्तकात ती एक चित्र रंगवते. एकाच स्तनाच्या बायकांची फौज अमेरिकेच्या संसदेवर चालून गेली आणि गुरांच्या चाऱ्यातली, कर्करोगाला कारण होणारी संप्रेरकं बंद करा म्हणाली, तर काय होईल? माझं काय चुकलं असं विचारून ती थांबली नाही. आपल्या खाण्यात, हवेत, पाण्यात कोण काय मिसळतंय, असाही प्रश्न तिनं विचारला. वर्षभर द्राक्षबागेतली फवारणी पाहिलेल्या बाईला तो मी वेगळा समजावून सांगायला नको. तुम्हाला कशामुळं झालं हे मी सांगू शकत नाही, कुणी ठामपणे सांगत असेल तर ऐकू नका. पण फवाऱ्याच्या वेळी तोंडाला बांधायचं कापड आणि हातमोजे घरात किती जणांना आहेत, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

१९८४ मध्ये तिचा कर्करोग यकृतात गेला. त्यानंतर ती आठ वर्षं जगली, लिहीत, शिकवत आणि हिंडत. बर्लिनला जाऊन तिथल्या काळ्या जर्मन मुलींना तिनं एकत्र बसवलं, तुमची गोष्ट तुम्ही लिहा म्हणून त्यांच्या मागं लागली, आणि १९८६ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. १९९१ मध्ये ती न्यूयॉर्क राज्याची राजकवी झाली. १७ नोव्हेंबर १९९२ ला सेंट क्रॉय या कॅरिबियन बेटावर ती वारली. वय ५८. शेवटच्या काळात तिनं एक आफ्रिकी नाव घेतलं होतं, गांबा अदिसा. आपलं म्हणणं जगाला कळवणारी लढवय्यी, असा त्याचा अर्थ.

तुम्ही विचारलंत, असलं लिहायचं असतं का. तुम्ही लिहिलंच आहे की. तुमचं पत्र सव्वा पानाचं आहे, त्यात एक वाक्यही वाया गेलेलं नाही. ‘तेही त्या बाजूला बघत नाहीत’ एवढं लिहून तुम्ही थांबलात. तिथून पुढं वहीत लिहा, मराठीत, जसं बोलता तसं. मालकांना दाखवायची घाई करू नका. मुलीला दाखवा. आणि तपासणीच्या तारखा चुकवू नका.

प्रश्न : मॅडम, मी साताऱ्यात एम. ए. करतो. लॉर्ड यांना प्रयोगशील कवयित्री म्हणतात, पण त्यांच्या कविता वाचायला सोप्या वाटतात. प्रयोग म्हणजे नेमकं काय? छंद मोडला की झाला प्रयोग? (एक विद्यार्थी, सातारा)

उत्तर : तुझा प्रश्न रास्त आहे. छंद मोडणं आपल्याकडंही जुनं झालं, त्याला आता कुणी प्रयोग म्हणत नाही.

लॉर्डनं पहिला प्रयोग चौथ्या वर्षी केला, स्वतःच्या नावावर. तिचं नाव ऑड्री. इंग्रजीत लिहिताना शेवटच्या वाय अक्षराची शेपटी ओळीखाली लोंबते, ती तिला आवडेना. तिनं ते अक्षरच काढून टाकलं. आई ओरडायची. मोठेपणी तिनं तसंच लिहायचं ठरवलं आणि नाव झालं ऑड्रे.

मग ‘कोळसा’ ही कविता घे. पहिल्या ओळीत एकच शब्द आहे, आय, म्हणजे मी. दुसऱ्या ओळीची सुरुवात ‘ॲम’ने व्हायला हवी, तिथं ती ‘इज’ लिहिते. व्याकरण चुकतं, आणि त्या चुकीतून ‘मी’ एक वस्तू होऊन बसतो, जमिनीच्या पोटातून निघालेली काळी वस्तू. पुढं हाच कोळसा उजेडात रत्न होतो. मी ही ओळ मराठीत आणायचा तीनदा प्रयत्न केला. जमलं नाही. मराठीत ‘मी आहे’ आणि ‘कोळसा आहे’ या दोघांना एकच ‘आहे’ लागतं, त्यामुळं तिची ती ठेच मराठीत लागतच नाही. तुला जमलं तर मला पाठव. इंग्रजीवर तिनं काय केलं हे मला या फसलेल्या भाषांतरानं जितकं शिकवलं, तितकं कुठल्या समीक्षेनं शिकवलं नाही.

तिसरं उदाहरण जड आहे. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका गोऱ्या पोलिसानं क्लिफर्ड ग्लोव्हर या दहा वर्षांच्या काळ्या मुलाला गोळी घालून मारलं. १९७४ मध्ये तो पोलीस निर्दोष सुटला. पंचमंडळात अकरा गोरे पुरुष आणि एक काळी बाई. लॉर्ड गाडी चालवत होती, रेडिओवर निकाल लागला. तिनं गाडी कडेला घेतली आणि वहीत लिहायला लागली, कारण तशीच चालवत राहिली असती तर अपघात झाला असता. त्यातून ‘सत्ता’ ही कविता आली. कोर्टातली भाषा, पोलिसाच्या तोंडची वाक्यं आणि वाळवंटातलं एक स्वप्न हे सगळं तिनं एका कवितेत शेजारी शेजारी ठेवलं. पंचांतल्या त्या एकट्या काळ्या बाईलाही तिनं सोडलं नाही. आणि शेवटाकडं स्वतःच्या आतला राग काय काय करू शकतो तेही लिहिलं, ते वाचवत नाही. तुला सोपं वाटलं असेल ते शब्द सोपे असल्यामुळं. ती कविता रात्री मोठ्यानं वाच.

१९८२ मध्ये तिनं आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याला आत्मचरित्र म्हटलं नाही. आयुष्य, इतिहास आणि पुराणकथा यांच्या मिश्रणाला तिनं नवाच शब्द बनवला. त्यात आईच्या खलबत्त्यावर पानं भरली आहेत. बेटावरून आणलेला लाकडी खल, बाहेरून आलुबुखार, केळी अशी फळं कोरलेली. त्यात लसूण, मीठ, मसाला कुटता कुटता मुलीला आपलं शरीर कळत जातं. माझ्या आईचा खल दगडी होता आणि त्यात हळकुंडं फुटायची. ते प्रकरण वाचताना मला शब्दकोश लागला नाही. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत हेच घडतं, हात काम करतो आणि तोंड मनातलं बोलतं. तुझ्या आजीला ओव्या येत असतील तर प्रबंधाआधी त्या उतरवून घे.

तिच्या एका निबंधात, १९७७ मध्ये, कविता ही बायकांची चैन नाही असं तिनं मांडलं. आधी भावनेला कवितेत नाव मिळतं, मग त्याचा विचार होतो, मग कृती. १९८० मध्ये बार्बरा स्मिथ या काळ्या लेखिकेबरोबर तिनं काळ्या-तपकिरी बायकांसाठी प्रकाशनसंस्था काढली, तिच्या नावातच स्वयंपाकघरातलं टेबल आहे. बायका जिथं बसून काम करतात तिथूनच पुस्तकं निघतील, असा त्याचा अर्थ. तिचे प्रयोग ओळींपुरते नव्हते, छापणार कोण आणि कुणाचं, हाही त्यातलाच प्रयोग. प्रबंधात यावर एक प्रकरण ठेव, बहुतेक जण ते विसरतात.

प्रश्न : आमच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई असताना अमेरिकेतल्या कवयित्री कशाला हव्यात? (एक वाचक, खंडाळा तालुका)

उत्तर : दादा, सावित्रीबाईंमुळंच हव्यात.

१८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, १८५४ मध्ये ‘काव्यफुले’ आलं. बाई २३ वर्षांच्या होत्या. त्या संग्रहात पिवळा चाफा आहे, जाईचं फूल आहे आणि शूद्रांचं दुखणंही आहे. फूल आणि दुखणं एकाच वहीत लिहिणारी बाई आपल्या जिल्ह्यात जन्मली, म्हणून तर लॉर्ड मला परकी वाटली नाही.

आणि तुमच्या नायगावचीच एक हकीकत. २९ ऑगस्ट १८६८ ला सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिलं. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी यांचं प्रेम जमलं होतं, मुलीला दिवस गेले होते. गावानं दोघांना मारत मारत रस्त्यानं फिरवलं, जीवच घेणार होते. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारचं भय घातलं आणि दोघांना सोडवून जोतीरावांकडं पाठवलं. हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला सारजा हे नाव माहीत आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांच्या मृत्यूचं कारण कुणी झाकलं नाही.

येत्या ३ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, मी नायगावला येणार आहे. सांगलीहून पहाटेच्या एसटीनं शिरवळपर्यंत, तिथून पुढं मिळेल त्या गाडीनं. तासगावच्या ताईंना यायचं असेल तर त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर दोन ओळी टाकाव्यात, मी त्यांच्यासाठी शेजारची जागा धरून ठेवीन. लॉर्डच्या सहा कविता मी मराठीत करून एका वहीत उतरवल्या आहेत, ती वही बरोबर असेल. त्यांनी त्यांची आणावी.